पंधरा मिनिटांचं मौन

संपादकांनी फोनवर सांगितलं, "दिवाळी अंक आहे, जरा प्रेरणादायी होऊ द्या." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर चिडले. माझ्या कामात प्रेरणादायी असं जे काही होतं ते मुलांनी केलं. मी बहुतेक वेळ रागावलेली असायचे, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तो राग उतरलेला नाही. तेव्हा ज्यांना फराळासोबत गोडच वाचायचं असेल त्यांनी पुढचा लेख उघडावा. मला वाईट वाटणार नाही.

मी समुपदेशक होते. म्हणजे नक्की काय, हे डहाणूतल्या निम्म्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाजारातली भाजीवाली मला "टेन्शनवाल्या मॅडम" म्हणायची, आणि तिचंच वर्णन त्यातल्या त्यात बरं होतं. आईबाप मुलांना घेऊन यायचे आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणायचे, "मॅडम, जरा समज द्या हिला." समज द्या! चौकीवर पोलीस समज देऊन सोडतात. ऑफिसात साहेब कारकुनाला लेखी समज देतात. इतका चांगला शब्द, पण आपण तो दम भरण्याच्या कामाला लावला. सुरुवातीला मी हसून सांगायचे, "मी समजून घेते, देत नाही." पुढे पुढे हसणं बंद झालं आणि नुसतं "बसा" म्हणायला लागले.

आमचं केंद्र कोसबाडजवळ एका चिकूच्या वाडीत होतं. मालकांनी वाडीच्या कडेचं जुनं गोदाम आणि थोडी मोकळी जागा दिली होती. डहाणू आणि तलासरी, दोन्ही तालुक्यांतली दहा ते अठरा वयाची मुलं यायची. कुणी शाळा सोडलेली, कुणी घरातून पळालेली, कुणी नुसतीच गप्प झालेली. आमच्याकडे तीन गोष्टी होत्या: सात बकऱ्या, दहा मिनिटांचं ध्यान आणि शनिवारची पालकांची शाळा.

बकऱ्यांबद्दल आधी सांगते, कारण तिथे लोक फार स्वप्नाळू होतात. प्राण्यांच्या सहवासातून उपचार म्हटलं की मुंबईच्या पाहुण्यांना गुबगुबीत कुत्री आणि पांढरे घोडे दिसायचे. बकऱ्या बघून त्यांची तोंडं उतरायची. बकरी कुणालाही बरं करत नाही. तिला भूक लागते आणि ती ओरडून सांगते. तिला तुम्ही आवडलात तर ती जवळ येते, नाही आवडलात तर निघून जाते, आणि दोन्ही वेळा तिच्या मनात दुसरं काही नसतं. ज्या मुलांना घरी कुणाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेत जगावं लागतं, त्यांना या सरळपणाने आराम पडतो. उपचार म्हणतात तो एवढाच.

बकऱ्या सांभाळायला लाडकीबाई होती. तलासरीकडच्या एका पाड्यावरची, वयाने माझ्याएवढीच. तिचा एक नियम होता: दोर लावायचा नाही. बकऱ्या वाडीत मोकळ्या सोडायच्या आणि संध्याकाळी हाक मारून बोलवायच्या, प्रत्येकीला तिच्या नावाने. नवीन मुलाला ती एक बकरी नेमून द्यायची, आणि ती हाकेने परत आणली की त्या दिवसाचं काम झालं. चिकूची कोवळी रोपं बकऱ्या खाऊन टाकायच्या म्हणून मालक कुरकुर करत. लाडकीबाई त्यांना म्हणायची, "शेट, रोप परत लावता येतं."

ध्यानातही काही गूढ नव्हतं. बसायचं. श्वास येतो, जातो, तिकडे लक्ष ठेवायचं. मन पळालं की त्याला न रागावता परत आणायचं. डोळे मिटायची सक्ती नाही, कारण मार खाल्लेलं मूल डोळे मिटायला घाबरतं. हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगायचे. तलासरीकडच्या एका वसतिगृहाचे गृहप्रमुख आमच्याकडे दोन दिवस शिकायला आले होते. वसतिगृहाचं नाव सांगत नाही, आणि नावावाचून ओळखणारे ओळखतील अशीही भीती नाही, कारण अशी बरीच आहेत. त्यांनी परत जाऊन कोठीच्या खोलीतली धान्याची पोती बाहेर काढली आणि दारावर पाटी लावली, "ध्यानकक्ष". महिन्याभराने मी पाहायला गेले. मुलींसमोर बसून म्हटलं, "चला, ध्यान करू या." पहिल्या रांगेतल्या मुलीने झटकन कान पकडले आणि म्हणाली, "बाई, मी काय केलं?"

मस्ती केली की अर्धा तास ध्यान, उलट बोललं की एक तास, दाराला बाहेरून कडी. मी घरी येऊन वसतिगृहाला चार पानी तक्रार लिहिली. त्यावर दोन ओळींचं उत्तर आलं: मुलींमध्ये शिस्त वाढली असून आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहोत. ते उत्तर मी अजून ठेवलंय. राग कमी व्हायला लागला की काढून वाचते.

पण मला जिची गोष्ट सांगायची आहे ती ऋतुजा. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. दहावीत होती. तिचे वडील रेल्वेत, स्टेशनवर घोषणा करण्याचं काम त्यांच्याकडे. आता बऱ्याच घोषणा मशिन करतं, पण यांना मशिनचा आवाज आवडायचा नाही, म्हणून दुपारच्या गाड्या ते स्वतः सांगायचे. आवाज खरंच सुंदर. भरदार, स्वच्छ, तीन भाषांत. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं ते म्हणाले की फलाटावरची माणसं खरंच लक्ष द्यायची.

ऋतुजाने गणिताच्या ट्यूशनला दांड्या मारल्या होत्या. त्या वेळात ती आगरच्या किनाऱ्यावर जाऊन बोटी बघत बसायची. बरोबर कुणी नाही, दुसरं काही नाही, नुसत्या बोटी. घरी कळलं त्या दिवशी वडील म्हणाले, "आजपासून तू माझ्याशी बोलायचं नाहीस आणि मी तुझ्याशी." त्यांनी मारलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. आमच्याकडे ते तिघं आले तेव्हा या अबोल्याला चार महिने झाले होते.

अबोला कसा चालतो हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या माहेरी वर्षातले सहा महिने कुणाचा ना कुणाचा अबोला असायचाच. बोलायचं नाही, पण सांगायचं सगळं, हवेला उद्देशून. "कुणाला चहा हवा असेल तर ठेवलाय." "कुणीतरी दिवा बंद करायला विसरलं." मध्ये एखादी बाई निरोप्यासारखी असते. "तिला सांग", "त्यांना सांग" करत ती दोन खोल्यांमध्ये फिरत राहते. ऋतुजाच्या घरी ते काम तिच्या आईकडे, संध्याताईंकडे होतं. आमच्या पहिल्या भेटीतसुद्धा वडील त्या सुंदर आवाजात माझ्याशी बोलले, आणि शेजारी बसलेल्या मुलीला पूर्ण वेळ "ती" म्हणाले. ऋतुजाचा एक हात सतत वेणीखाली होता. मागून पाहिलं तेव्हा कळलं, तिथले केस तिने उपटले होते. दोन बोटं मावतील एवढी कातडी उघडी पडली होती.

हे सगळं दिसत असताना मी चूक केली. त्यांना म्हटलं, "घरात रोज पंधरा मिनिटं मौन पाळा. तिघांनी एकत्र बसायचं, टीव्ही नाही, मोबाइल नाही. आणि मौन संपलं की प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची." पुस्तकात चांगला उपाय आहे तो. वडिलांनी मान डोलावली आणि डायरीत लिहूनसुद्धा घेतलं. पालकांच्या शाळेला मात्र ते कधी आले नाहीत, बायकोला पाठवलं. तशी ती रीतच होती. बाप आईला पाठवतो, आई मावशीला पाठवते. एका बागाईतदारांनी तर आपल्या ड्रायव्हरला पाठवलं होतं, आणि खरं सांगते, त्या वर्गात सर्वांत चांगले प्रश्न त्यानेच विचारले.

लाडकीबाईने ऋतुजाला मुंगी नावाची बकरी दिली. मुंगी नावाची, बाकी हत्ती. ऋतुजाचा आवाज तोवर इतका आत गेला होता की शाळेत हजेरीलाही ती हात वर करायची. पहिले दहा-बारा दिवस तिने टाळ्या वाजवल्या, डबा वाजवला, पाला दाखवला. मुंगी लांबून बघायची आणि चरत राहायची. मी म्हटलं, "लाडकीबाई, आज तू आण ना तिला." लाडकीबाई जागची हलली नाही. "हाक मारू दे, बाय. टाळीनं तर माणूस पण येत नाय."

एका संध्याकाळी मी गोदामात कागद आवरत होते आणि वाडीतून हाक आली, "मुंगे!" फाटक्या, घोगऱ्या आवाजात, पण चांगली दूर जाईल अशी. मी बाहेर आले तोवर मुंगी धावत येऊन तिच्या पोटाला डोकं लावून उभी होती, आणि ऋतुजा एवढ्या आश्चर्याने तिच्याकडे बघत होती की मला हसूही आलं आणि रडूही.

त्यानंतर ती थोडं थोडं बोलायला लागली. आणि बोलायला लागल्यावर एक दिवस पाला टाकता टाकता तिने मला विचारलं, "ताई, मौन कधी संपणार?"

"कुठलं मौन?"

"घरचं. बाबा म्हणाले… म्हणजे आईला म्हणाले, की मॅडमनी मौन सांगितलंय. दीड महिना झाला."

त्या माणसाने माझ्या सांगण्यातला पहिला शब्द तेवढा घेतला होता. पंधरा मिनिटं गळली, एकत्र बसणं गळलं, एक गोष्ट सांगणं गळलं. राहिलं ते मौन. इतके दिवस निदान ऋतुजाला माहीत होतं की हा अबोला आहे, म्हणजे भांडण आहे, म्हणजे कधीतरी मिटेल. मी त्याला उपचाराचं नाव देऊन टाकलं होतं. वडील शेजाऱ्यांनाही अभिमानाने सांगत होते, "आमच्याकडे सध्या मौन चालू आहे."

मी त्यांना केंद्राच्या डहाणूतल्या ऑफिसात बोलावून घेतलं आणि दार लावायचंही भान न ठेवता ओरडले. "अबोला आहे हा! मुलीचा छळ चालवलाय तुम्ही, आणि वर माझं नाव लावता?" समुपदेशकाने असं ओरडायचं नसतं. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं उठून दारात आली. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आवाज खाली. मला वाटतं, शिस्तीची गरज तिच्याआधी तुम्हाला आहे." दुसऱ्या दिवसापासून ऋतुजाचं वाडीत येणं बंद झालं.

आठवड्याने संध्याताईंचा फोन आला. त्या कुजबुजत बोलत होत्या. "मॅडम, ती पुन्हा ट्यूशनला जात नाहीये. सरांनी मला कळवलं. यांना अजून माहीत नाही. यांनी तलासरीच्या त्या वसतिगृहाचा फॉर्म आणून ठेवलाय. म्हणाले, पुन्हा एकदा खोटं बोलली तर सोमवारी नेऊन सोडायची. तिथे म्हणे ध्यान वगैरे करून घेतात, शिस्त लावतात."

ते कुठलं वसतिगृह, हे मला विचारावं लागलं नाही. कोठीची खोली आणि बाहेरची कडी डोळ्यांसमोर आली. त्या रात्री मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला घातल्या नसतील. मी तोंड सांभाळलं असतं तर पोरगी मुंगीजवळ असती.

आगरच्या किनाऱ्यावर जाऊन पाहिलं, ती तिथे नव्हती. सकाळी वाडीत लाडकीबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "ते पोर? ते ठेसनावर बसतंय. माझी बहीण भायेर भाजी विकते ना, तिनं बघलं. रोज दुपारचं. बाकड्यावर."

"गाडीने कुठे जाते का?"

"नाय. नुसतं बसतं." पाल्याची मोळी सोडता सोडता तिने मान हलवली. "बकरीला चार दिस हाक नाय मारली, तर ती दुसऱ्याच्या वाडीत जाते, बाय. जिथं कोणतरी बोलतं तिथं जाते."

शुक्रवारी दुपारी मी स्टेशनवर गेले. फलाटाच्या टोकाला, कर्ण्याच्या बरोबर खाली ऋतुजा बसली होती. दप्तर मांडीवर, हात वेणीखाली. मी शेजारी बसले. तिने विचारलंही नाही की कशा आलात. तेवढ्यात वरून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," आणि केसातला तिचा हात थांबला. मराठी झालं, हिंदी झालं, इंग्रजी झालं, तोवर तो हात मांडीवर येऊन स्वस्थ पडला होता. घोषणा संपली आणि हात पुन्हा वर गेला.

"याच्यासाठी येतेस?"

"बाबा दुपारी बोलतात ना," ती म्हणाली.

मला जो राग आला तो कसा लिहू? वाटलं, तो कर्णा उपटून आणावा आणि त्या माणसाच्या पुढ्यात आदळावा. उभ्या गावाला लक्ष द्या म्हणून सांगायचं, आणि पोटची पोर खाली बसून सर्वांसाठी टाकलेल्या आवाजातला आपला वाटा उचलतेय, त्याचा पत्ता नाही!

पुढचं आधीच सांगून टाकते, मला ताणून धरायला आवडत नाही. ऋतुजा वसतिगृहात गेली नाही. फॉर्म संध्याताईंनी स्वतःच्या हाताने फाडला. दहावी झाली, गणितात जेमतेम सुटली. केस आले, पण परीक्षेच्या दिवसांत हात अजून तिकडे जातो. वडील पालकांच्या शाळेला तीनदा आले, मागच्या रांगेत बसले, आणि चौथ्या शनिवारी पुन्हा बायकोला पाठवलं. माणूस बदलला वगैरे मी म्हणणार नाही. आणि ते वसतिगृह आजही चालू आहे, पाटीसकट.

तर, मी उठले आणि घोषणेच्या खोलीच्या खिडकीवर टकटक केलं. ते बाहेर आले. मला पाहून कपाळाला आठ्या.

"मॅडम, मी ड्यूटीवर आहे."

"पुढच्या गाडीला पंचवीस मिनिटं आहेत. आत्ताच तुम्ही सगळ्यांना सांगितलंत." या वेळी मी ओरडले नाही. बोट दाखवलं. "ती आठवडाभर रोज इथे येऊन बसते. तुमचा आवाज ऐकायला."

त्यांनी पाहिलं. वाऱ्याने वेणी एका बाजूला गेली होती आणि मागची उघडी कातडी उन्हात स्पष्ट दिसत होती. सहा महिने त्यांनी मुलीकडे नीट पाहिलंच नव्हतं, कारण अबोल्यात बघायचंही नसतं.

"हे… हे कधीपासून?"

"तिला विचारा."

ते बाकापर्यंत आले. दोन हातांवर थांबले, रुळांकडे तोंड करून, आणि हवेला म्हणाले, "कुणाला पाणी हवं असेल तर आत आहे."

ऋतुजा माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांगा, नको."

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. निरोप मी पोचवावा, याची ते वाट बघत होते. माझ्या माहेरच्या सगळ्या बायका माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, या खोलीतून त्या खोलीत जाणाऱ्या. मी म्हटलं, "मी कुणाला काही सांगणार नाही. बकरीलासुद्धा नावाने हाक मारावी लागते. ती मारा." आणि चहाच्या टपरीशी जाऊन, चहा नको असताना चहा सांगितला.

चहा येऊन निवला तरी मागे काही ऐकू येईना. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"ऋतुजा, कृपया…"

सवयीने आलं ते तोंडात. इतक्या वर्षांच्या नोकरीत दुसरी कुठली सुरुवात त्यांच्या जिभेला माहीत नव्हती. आणि तिथेच ते अडकले.

"कृपया काय, बाबा?" ऋतुजाने विचारलं.

पुढचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. तीन भाषांपैकी एकाही भाषेत नव्हतं. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दप्तर मध्ये होतं, ते तिने उचलून खाली ठेवलं. मग दोघंही गप्प बसून राहिले, समोरच्या रुळांकडे बघत. मी सवयीने घड्याळ पाहिलं. चार-पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिचा हात मांडीवर होता आणि तिथेच राहिला. मी त्यांना जे मौन सांगितलं होतं ते हे, एकाच बाकावरचं.

पंधरा मिनिटं होत आली तेव्हा ऋतुजा बोलली. घोगरा आवाज, पण टपरीपर्यंत आला. "आज मला मुंगीची आठवण आली." मग ती म्हणाली, "आता तुमची पाळी, बाबा. एक गोष्ट सांगायची असते."

मी ऐकायला थांबले नाही. कप ठेवला आणि पुलाचा जिना चढून बाहेरच्या बाजूला उतरायला लागले. राग तसाच होता. निम्म्या पायऱ्यांवर असताना मागे गाडीची घोषणा सुरू झाली. मशिनच्या आवाजात.

म्हणजे ते अजून बाकावरच होते.